बगॅसची धूळ किती तापल्यावर पेटते: एका ऑफ-सीझनच्या नोंदी

९ जून

आमच्या साखर कारखान्याचं गाळप संपलं, पट्टा पडला, टर्बाइनचं केसिंग उघडून ठेवलंय. हात थोडा मोकळा मिळतो तो याच दिवसांत. यंदाच्या ऑफ-सीझनला मी एक काम मागून घेतलंय. बॉयलर हाउसच्या गर्डरवर, केबल ट्रेमध्ये, बगॅस (उसाचा चोथा) वाहून नेणाऱ्या कॅरियरच्या मोटरींवर आणि गिअरबॉक्सवर जी बारीक पिवळट धूळ साचते, ती तापलेल्या लोखंडावर पडून राहिली तर किती तापमानाला पेट घेते, ते मोजायचं.

गेल्या हंगामात रिटर्न कॅरियरच्या एका बेअरिंग हाउसिंगवरची धूळ धुमसताना सापडली. रात्रपाळीच्या ऑइलमनला वास आला म्हणून निभावलं. रजिस्टरमध्ये नोंद पडली: ‘बेअरिंग गरम, ग्रीस भरले.’ किती गरम, वर धूळ किती होती, याबद्दल एक अक्षर नाही. चीफ इंजिनिअर साहेबांना विचारलं तर म्हणाले, "पुस्तकात असेल की आकडा." पुस्तकात आकडे आहेत, पण ते कुणाच्या तरी लाकडाच्या भुशाचे, कुणाच्या तरी पिठाचे. आपल्या गर्डरवरच्या धुळीचा आकडा आपणच काढला पाहिजे. साहेबांनी मंजुरी दिली, पैसे मात्र जमेल तेवढे स्टोअरच्या भंगारातून काढायला सांगितले.

१३ जून

स्टँडर्ड वाचून काढलं. आयएसओ आणि आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थांचं संयुक्त, ८००७९-२०-२, २०१६ चं. त्याआधी हीच चाचणी आयईसी ६१२४१-२-१ मध्ये होती. अमेरिकेत एएसटीएम ई २०२१ वापरतात. त्यांचा थर १२.७ मिलिमीटरचा, आयईसीचा ५ मिलिमीटरचा. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणारे लोक मी पाहिलेत. तसं करता येत नाही.

कृती ऐकायला सोपी. किमान २०० मिमी व्यासाची, २० मिमी जाडीची धातूची थाळी विजेवर तापवायची आणि ठरलेल्या तापमानाला धरून ठेवायची. तिच्या मधोमध १०० मिमी व्यासाची, ५ मिमी उंचीची कडी ठेवायची. कडीत धूळ भरायची, दाबायची नाही, सरळ पट्टी फिरवून वरचं जास्तीचं काढून टाकायचं. एक थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तारांची जोडी, थाळीत, वरच्या पृष्ठभागापासून मिलिमीटरभर खाली. दुसरं, केसासारखं बारीक, धुळीच्या थरातून आडवं जाणारं. मग बघत बसायचं. निखारा किंवा ज्योत दिसली, थराचं तापमान ४५० अंशांवर गेलं, किंवा थाळीपेक्षा २५० अंशांनी वर चढलं, यातलं काहीही झालं की पेट घेतला असं धरायचं. अर्धा तास काहीच हालचाल नाही, तर थांबायचं, नवी धूळ घ्यायची, तापमान वाढवून पुन्हा. ज्या तापमानाला पेटत नाही ते तीनदा पडताळायचं.

ही झाली थराची चाचणी. हवेत उडालेल्या धुळीची चाचणी वेगळी, तिला उभी भट्टी लागते आणि ती आमच्याकडे नाही. हे आत्ताच ठळक लिहून ठेवते, कारण पुढे अहवालात दोन्हींची सरमिसळ होणार, हे मला आत्ताच दिसतंय.

१७ जून

कोल्हापुरात उद्यमनगरात मिस्त्रींकडे. त्यांच्या शेडमध्ये अजून जुन्या ऑइल इंजिनांची फ्लायव्हील्स पडलेली आहेत. ॲल्युमिनियमचा गोल ठोकळा स्टोअरमधूनच मिळाला होता, तो त्यांनी लेथवर चढवून २०० बाय २५ चा साफ करून दिला.

अडचण आली ती भोकाची. ड्रॉइंगमध्ये मी थर्मोकपलसाठी बाजूने थेट मध्यापर्यंत दोन मिमीचं भोक दाखवलं होतं. मिस्त्रींनी कागद उलटा करून माझ्याकडे सरकवला. "ताई, शंभर मिमी आत दोनचं ड्रिल सरळ जातंय व्हय? भटकणार ते. वर निघंल न्हाईतर खाली. त्यापरीस खालनं उभं मारू, वर एक मिमी ठिवू." आणि खरोखर खालून उभं भोक मारून वर मिलिमीटरभर धातू तसाच सोडून दिला. डेप्थ मायक्रोमीटर घालून दाखवलं तेव्हाच त्यांनी चहा मागवला. थर्मोकपलची वायर आता हीटरच्या मधून खाली येते, त्यासाठी मायका हीटरलाही मध्ये भोक पाडावं लागलं.

ड्रॉइंग ऑफिसमधल्या कुणी हे सुचवलं नसतं.

२४ जून

थाळी बसली. १५०० वॉटचा मायका हीटर, तापमान ठरल्या जागी धरून ठेवणारा पीआयडी कंट्रोलर, त्याच्या हुकमाने हीटर चालू-बंद करणारा एसएसआर, खाली आणि बाजूने सिरॅमिक ब्लँकेट. जागा आमच्या केमिकल लॅबमधल्या फ्यूम कपबोर्डात, म्हणजे धूर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात. लॅबमधल्या अण्णांनी आधी कुरकुर केली, कारण त्याच कपाटात त्यांचे जुने काचेचे चंबू ठेवलेले असतात.

थाळीभर तापमान सारखं आहे का ते दोन व्यासांवर तपासलं. कडेला पाच अंशांहून जास्त फरक येत होता, तो ब्लँकेटचा गळपट्टा उंच केल्यावर आटोक्यात आला. दुसरा त्रास कपबोर्डाच्या पंख्याचा. चालू ठेवला की वाऱ्याने थर वरून गार होतो आणि आकडा फसवा येतो. म्हणून चाचणी चालू असताना पंखा बंद, काच खाली, आणि धूर दाटला की मगच पंखा. पेटलेल्या बगॅसच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, तेव्हा काच उघडून वास घेण्याचा उत्साह कुणी दाखवायचा नाही, असा कागद चिकटवला.

१ जुलै

नमुना. इथे थोडा वाद झाला. अण्णांचं म्हणणं, यार्डातली बगॅस घ्या, वाळवा, मिक्सरला फिरवा, चाळा, झालं काम. माझं म्हणणं, मिक्सरमधली धूळ आणि गर्डरवरची धूळ एक नव्हे. मिलमधून बगॅस निघते तेव्हा तिच्यात जवळपास निम्मं पाणी असतं, ती अशी उडत नाही. उडतो तो वाळलेला गाभा, पिथ. कॅरियरवर हिंदकळत जाताना तो सुटतो आणि बॉयलरच्या उबेत आणखी कोरडा होऊन वर जाऊन बसतो. गर्डरवरच्या धुळीत राख असते, गंज असतो, गिअरबॉक्सशेजारी तर तेलही असतं.

शेवटी शिडी लावून दोघं जण वर गेले आणि ब्रश-सुपलीने खरीच धूळ गोळा केली. जाताना मी फूटपट्टी दिली होती. केबल ट्रेमध्ये थर कुठे २५ तर कुठे ४० मिमी. साहेबांना फोटो पाठवला. उत्तर आलं नाही.

२०० मायक्रॉनच्या चाळणीतून चाळताना कळलं की धागे आडवे अडकतात, पण उभे झाले की खुशाल पलीकडे जातात. म्हणजे ‘२०० मायक्रॉनखालची’ म्हणून लिहिलेल्या धुळीत मिलिमीटरभर लांबीचे धागे सापडतात. तसंच लिहून ठेवलं.

५ जुलै

पाऊस थांबायचं नाव नाही. ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवलेला नमुना उघडा राहिला की तासाभरात वजन वाढवून बसतो. आता सगळं डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा लागू न देणाऱ्या बंद भांड्यात. बॉयलर चालू असताना वरची धूळ कोरडीठाक असते, म्हणून चाचणीही कोरड्याच धुळीवर. ओलसर धुळीवर आलेला आकडा मोठा दिसेल आणि आपण उगाच निर्धास्त होऊ.

११ जुलै

५ मिमीचे निकाल येऊ लागले.

२६० अंशांवर थर तपकिरी झाला, थोडा धूर, मग शांत. २८० वर थराचं तापमान थाळीच्या वर चढलं, बराच वेळ वर राहिलं आणि हळूहळू उतरलं. याला स्वतःहून तापणं म्हणतात, पेटणं नव्हे. ३०० वर मात्र सुटका नाही.

३०० वर काय दिसतं ते नीट लिहून ठेवते, कारण प्लांटमध्ये ओळखायचं तर हेच ओळखायचं आहे. पहिली दोन-तीन मिनिटं वरून काहीच नाही, थर तसाच फिका. मग कडेला, जिथे धूळ थाळीला टेकते तिथे, तपकिरी रेघ उमटते. ती वर चढत नाही, आत सरकते. वरच्या पृष्ठभागाला बारीक भेगा पडतात आणि एका भेगेतून धुराची दोऱ्याएवढी रेघ निघते. उसाच्या चुलवाणाशी उभं राहिलेल्या कुणालाही हा वास ओळखीचा आहे. स्पॅच्युलाने कड उचलली तर खालची बाजू पूर्ण काळी आणि त्यात तांबूस टिपका, हरभऱ्याएवढा. वरून अजूनही निम्मा थर फिकाच. ज्योत शेवटपर्यंत आली नाही. थर्मोकपल पार ४५० च्या पुढे.

म्हणजे बगॅसचा थर पेटतो तो खालून, आणि भडका न होता. लांबून बघणाऱ्याला तो पेटलाय हे कळतच नाही.

१४ जुलै

२९० वर तीनदा पडताळलं, पेटली नाही. ५ मिमी थरासाठी आमच्या धुळीचं पेट तापमान ३०० अंश.

उपकरणं निवडण्याच्या आयईसी ६००७९-१४ मध्ये यावरून मर्यादा काढायचा साधा नियम आहे. ५ मिमी थराच्या आकड्यातून ७५ वजा करायचे, आणि ढगाच्या, म्हणजे हवेत उडालेल्या धुळीच्या, आकड्याचे दोन तृतीयांश घ्यायचे. दोन्हींत जे कमी, ती उपकरणाच्या पृष्ठभागाची कमाल मर्यादा. थराच्या बाजूने आमचे आले २२५ अंश.

दुपारच्या मीटिंगमध्ये हा आकडा फळ्यावर लिहिला आणि खोलीभर हायसं वाटलं. "आपली मोटर कधी २२५ ला जाते? त्याच्या आधी वाइंडिंगच जाईल." साहेबांनी तर ‘प्रकल्प पूर्ण’ असं लिहायलाही सुचवलं. मी म्हटलं, साहेब, हा आकडा ५ मिमीचा आहे, आणि तुमच्या ट्रेमध्ये ४० आहे. ते म्हणाले, "मग ४० चा काढा."

बरं.

१९ जुलै

मिस्त्रींकडून आणखी दोन कड्या करून आणल्या, १२.५ आणि २५ मिमी उंचीच्या. उद्यमनगरात जाताना पंचगंगा पात्राबाहेर आलेली दिसली. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे चाललीय, सगळ्यांच्या फोनवर तीच चर्चा. पुढचे काही दिवस कारखान्याचा रस्ता राहतो की नाही बघायचं. नमुने लॅबमध्येच आहेत, ते उंचावर ठेवायला अण्णांना सांगितलं.

२९ जुलै

रस्ता सुरू झाला. १२.५ मिमीचा थर २६० अंशांवर पेटला. ५ मिमीचा याच २६० वर नुसता तपकिरी होऊन गप्प बसला होता.

कारण गणितात आहे आणि ते कोरडं वाटलं तरी लिहिते. धूळ तापली की तिच्यात हवेशी मंद ज्वलन सुरू होतं आणि त्यातून उष्णता निघते. तापमान थोडं वाढलं की ही उष्णता पटींनी वाढते. बाहेर जाणारी उष्णता मात्र तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात, सरळ रेषेत वाढते. जोवर बाहेर जाणारी पुरी पडते तोवर थर तगतो. थर जाड केला की बाहेर जाण्याची वाट लांबते, आणि मग तोच तोल कमी तापमानाला ढळतो. फ्रँक-कामेनेत्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात याचं समीकरण मांडलं. त्यात जाडी वर्गाने येते. म्हणून जाडी वाढेल तसा पेटायचा आकडा खाली येत जातो, आणि तो कुठे थांबेल हे एका चाचणीवरून सांगता येत नाही.

‘बगॅसचं पेट तापमान अमुक’ हे वाक्यच मला आता खटकतं. अमुक जाडीच्या थराचं, असं म्हणायला हवं.

५ ऑगस्ट

२५ मिमी, २३० अंश. सकाळी थर लावला. अर्ध्या तासाने थराचं तापमान थाळीच्या बरंच खाली. स्टँडर्डचा अर्ध्या तासाचा नियम इथे शब्दशः धरला असता तर ‘पेटत नाही’ लिहून मोकळी झाले असते. पण तो नियम ५ मिमीच्या थरासाठी सोयीचा. २५ मिमी बगॅसमधून उष्णता वरपर्यंत पोचायलाच तास उलटतो.

अण्णा जेवायला जाऊन आले तरी काही नाही. त्यानंतर आलेख जो वाकायला लागला तो थांबला नाही. थराने थाळीला गाठलं, ओलांडलं, आणि पुढची चढण इतकी उभी की कागदावर रेघ जवळपास सरळ वर. उघडून बघितलं तर मध्यभागी पोकळी, तिच्या भिंती लाल.

अशा वेळी घाईने पाण्याची जोरदार धार मारायची नाही, फुंकर तर मुळीच नाही. धार मारली की न पेटलेली धूळ हवेत उडते आणि निखारा खाली तयारच असतो. आम्ही झाकणाच्या डब्यात अलगद सरकवून वरून फवाऱ्याने भिजवतो. फायर पार्टीच्या पुढच्या ड्रिलमध्ये हे दाखवायचं आहे. तिथे अजून सगळेच पहिल्यांदा नोझल जेटवर लावतात.

८ ऑगस्ट

आजची नोंद मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि ती अपघातानेच हाती आली. २५ मिमीचा थर २२० वर लावलेला होता. विद्युत विभागातला एक पोरगा सहज टेम्परेचर गन घेऊन आला आणि थरावर धरली. गन म्हणाली ६४.

खाली थाळी २२०, वर ६४. गन धुळीचा वरचा पृष्ठभाग बघते, लोखंड नाही. आणि आमच्या राउंडमध्ये बेअरिंगचं तापमान घेतात ते याच गनने, धूळ न झाडता. रजिस्टर काढून बघितलं. ज्या रात्री बेअरिंगवरची धूळ धुमसत होती त्याच्या आदल्या पाळीत त्या बेअरिंगपुढे नोंद आहे: ‘६१, ओके’. लिहिणारा खोटं बोललेला नाही. गनने जे दाखवलं तेच त्याने लिहिलं.

साहेबांना लॅबमध्ये बोलावून स्वतःच्या हाताने गन धरायला लावली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाकीच्या बेअरिंगांचं काय?"

१२ ऑगस्ट

साखर. साखर गोदामाचे लोक मागे लागले होते, आमचीही धूळ तपासा म्हणून. ग्रेडरच्या, म्हणजे साखरेचे दाणे आकाराप्रमाणे वेगळे करणाऱ्या चाळणीच्या, खालची बारीक भुकटी आणली. निकाल असा की निकालच नाही. १८० च्या पुढे साखर वितळायला लागली, फुगली, तपकिरी होऊन उकळली, थर्मोकपल उचलून बाजूला सारलं आणि शेवटी काळा स्पंज होऊन थाळीला चिकटली. खरवडायला अर्धी दुपार गेली. लॅबभर करपलेल्या साखरेचा वास.

गोदामवाले खूश: "म्हणजे पेटत नाही!" हाच अर्थ कुणी काढू नये. वितळणाऱ्या धुळीला थराची चाचणी लागूच पडत नाही एवढंच याने ठरतं. साखरेचा धोका ती उडाल्यावर. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थच्या इम्पीरियल शुगरमध्ये ७ फेब्रुवारी २००८ ला साखरेच्या धुळीचा स्फोट झाला, १४ कामगार गेले. सायलोंच्या खालच्या कन्व्हेयरला आधीच्याच वर्षी पत्र्याची झाकणं बसवली होती, त्यामुळे आत धूळ कोंडली. ठिणगी कशाची, तर चौकशी अहवालात शक्यता दिली आहे ती तापलेल्या बेअरिंगची. पहिल्या धक्क्याने वर्षानुवर्षं साचलेली धूळ खाली आली आणि पुढचे स्फोट तिने केले. गोदामाच्या साहेबांना हे सांगितलं आणि ढगाच्या चाचणीसाठी नमुना बाहेरच्या लॅबला पाठवायचं ठरलं. बगॅसचाही सोबत.

१३ ऑगस्ट

शिरोलीतल्या फाउंड्रीत काम करणाऱ्या भावाने मोल्डिंग सँडमध्ये घालतात ती कोळशाची भुकटी आणून दिली, ‘तुमच्या तव्यावर बघा की’ म्हणून. ५ मिमीच्या थरात ती बगॅसच्या बऱ्याच आधी पेटली, धूर कमी, डांबराचा वास. आमच्या कामाचा भाग नाही, म्हणून आकडा त्यालाच दिला.

२० ऑगस्ट

आतापर्यंत थाळीचं तापमान कंट्रोलरने बांधून ठेवलं होतं. पण बेअरिंगला कुणी कंट्रोलर लावत नाही. घर्षणातून ठरावीक उष्णता निघत राहते आणि तापमान किती चढायचं ते वरचं आवरण ठरवतं. म्हणून कंट्रोलर काढून डिमरस्टॅट (वीज हाताने कमी-जास्त करायचं साधन) लावला आणि हीटरला ठरावीक वॉट दिले. उघडी थाळी ११० अंशांना येऊन स्थिरावली. मग काही न बदलता पूर्ण थाळीवर २५ मिमी बगॅस पसरली.

संध्याकाळपर्यंत थाळी १७० च्या पुढे, आणि अजून चढतच होती. वॉट तेवढेच.

गोधडी पांघरलेल्या माणसासारखं आहे हे. म्हणजे धूळ दोन्ही बाजूंनी काम करते. जाडी वाढली की तिचं पेटायचं तापमान खाली येतं, आणि त्याच जाडीखाली लोखंडाचं तापमान वर जातं. दोन्ही आकडे एकमेकांकडे चालत येतात. २२५ ची मर्यादा लिहून मोटर निवडणाऱ्याने यातलं काहीच धरलेलं नसतं. मोटरच्या पाटीवर ‘टी १२०’, म्हणजे पृष्ठभाग जास्तीत जास्त १२० अंश, असं छापलेलं असतं ते तिच्या अंगावर ढीग नाही असं गृहीत धरून. स्टँडर्डही ५ मिमीच्या पुढे मर्यादा उतरवायला सांगतं. ५० मिमीपर्यंत त्याचा आलेख आहे, त्यापुढे म्हणतं, चाचणी करा.

२७ ऑगस्ट

बॉयलर हाउसची फेरी, यादी करायला. सगळ्यांत वाईट जागा बेअरिंगची नाहीच. मुख्य स्टीम लाइनवर एका व्हॉल्व्हच्या फ्लँजचं (पाइपच्या जोडाचं) लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण, मागे दुरुस्तीला काढलं ते पुन्हा चढवलंच नाही. आतली वाफ ५०० अंशांच्या आसपास. तिथे थराची जाडी विचारायचीही गरज नाही, पडेल ती धूळ जळणार. तिच्या थेट खाली कॅरियर. धुमसलेला गोळा खाली पडला की बगॅससोबत फीडरपर्यंत फुकट प्रवास.

एक्झॉस्ट स्टीमची (टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेची) लाइन साधारण १२५ अंशांची. आमच्या २५ मिमीच्या आकड्याच्या खूप खाली. पण त्या पाइपच्या आणि भिंतीच्या खोबणीत धूळ हातभर दडपलेली आहे. तिथे २५ मिमीचा आकडा लावायचा नाही. ती जागा रिकामीच करायची.

३ सप्टेंबर

फिल्डवरच्या मंडळींसोबत बैठक. मुद्दा एकच तापला, हवा मारण्याचा. पाळी संपताना एअर होजने मोटरी झाडायची सवय जुनी आहे. मिल हाउसमधले मामा म्हणाले, "ताई, हवा मारल्याबिगर साफ व्हतंय व्हय? ब्रशनं किती येळ घालवायचा?" त्यांचंही खरं आहे, माणसं कमी आहेत. पण हवेने धूळ जात नाही, मोटरीवरून उठून गर्डरवर बसते. आणि खाली कुठे तांबूस टिपका असेल तर त्यावर आपण हवा आणि उडती धूळ एकाच वेळी देतो. ११ जुलैचा फोटो दाखवला, वरून फिका थर आणि उचलल्यावर खालचा निखारा. मामांनी फोन हातात घेऊन दोनदा बघितला. "मंजी वरनं कळतच न्हाई."

सेफ्टी ऑफिसरनी १९४८ च्या कारखाना कायद्याचं कलम ३७ वाचून दाखवलं. स्फोटक धुळीसाठी त्यात तीन गोष्टी सांगितल्यात: यंत्र बंदिस्त करणं, धूळ साचू न देणं किंवा काढणं, आणि पेटवणाऱ्या गोष्टी दूर ठेवणं. आमची सगळी खरेदी आजवर तिसऱ्यावर झाली आहे. मोटरी महागातल्या घेतल्या, झाडू मात्र स्वस्तातला.

१५ सप्टेंबर

अहवाल दिला. थराचे आकडे: ५ मिमीला ३००, १२.५ ला २६०, २५ ला २३०. प्रत्येक आकड्यापुढे जाडी त्याच ओळीत, वेगळा छापता येणार नाही असा.

मागण्या: फ्लँजचं लॅगिंग अग्निप्रदीपनाच्या, म्हणजे हंगामासाठी बॉयलर पेटवण्याच्या, आधी. प्रत्येक बेअरिंग हाउसिंगवर हाताच्या तळव्याएवढी जागा घासून, रंगवून ‘इथेच मोजा’ लिहायचं, गन धरायच्या आधी ब्रश मारायचा. कॅरियरच्या मोठ्या बेअरिंगना आरटीडी, म्हणजे कायम बसवलेले तापमानाचे सेन्सर. धुळीसाठी प्रमाणित व्हॅक्यूम क्लीनर. केबल ट्रेवर उतरती झाकणं, म्हणजे धूळ टिकणार नाही. ५ मिमी झाली की साफसफाई, आणि ती मोजायला ट्रेच्या कडेवर रंगाची रेघ.

२२ सप्टेंबर

लॅगिंगचं काम सुरू झालं. रंगाच्या रेघा आणि मोजायच्या जागा पेंटर मारतोय. आरटीडी निम्मे मंजूर, व्हॅक्यूम क्लीनर एक मंजूर. ढगाच्या चाचणीचा निकाल बाहेरच्या लॅबकडून यायचा आहे. तो आला की २२५ चा आकडा बदलूही शकतो, म्हणून शीटवर तो पेन्सिलने लिहिलाय.

कॅरियरजवळचे एअर लाइनचे पॉइंट बंद करायला साहेब तयार नाहीत. इन्स्ट्रुमेंटची हवा त्याच लाइनवर आहे, हे त्यांचं कारण, आणि ते खरं आहे. लाइन वेगळी करायला शटडाउन लागतो, तो आता पुढच्या ऑफ-सीझनला. तोवर होजची टोकं काढून स्टोअरमध्ये जमा करायची आणि सहीशिवाय द्यायची नाहीत, एवढं मान्य झालं. स्टोअरकीपरना चावीचं रजिस्टर आजच दिलं.